माप कुठून घ्यायचं

कृष्णराजनगर,
रात्री

चि. मेघना हिला,


तू पाठवलेले तीन लॅपटॉपचे फोटो पाहिले आणि खालची ओळ वाचली: "घरी मॉनिटर आहेच, मग १४ इंची घेऊ, १५.६ घेऊ की सरळ १६?" फोनवरच सांगणार होतो. पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि मनात असतं तेच करतेस. ही खोड तुझ्या अण्णांची. म्हणून लिहून पाठवतोय. लिहायला बसलो की माझी मराठी पुण्याची होते, त्यावर तुझी आजी अजून हसते. अप्पा बळवंत चौकाच्या मागे वीस वर्षं अक्षरजुळणी केल्यावर दुसरं काय होणार?

आज दुपारी अण्णांच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली आणि तुझ्या खोलीत गेलो. मॉनिटरवर टॉवेल टाकलेला होता, तो बाजूला करून माप घेतलं. खोक्यावर २४ लिहिलंय, टेपेवर कर्ण २३.८ इंच भरला. रुंदी ५२.७ सेंटिमीटर, उंची २९.६. टॉवेल कोरडा होता, काळजी करू नकोस. पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या टॉवेलनेच दिलं. ज्या पडद्यावर सोमवार ते शुक्रवार टॉवेल असतो, तो हिशोबात कितीसा धरायचा?

तुझ्या आजोबांकडे गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की टेप गळ्यातच ठेवून ते आधी विचारायचे, "कुठे घालणार?" लग्नात मिरवायचं असेल तर एक बेत, भाताच्या खाचरात वाकायचं असेल तर दुसरा. छाती तीच, बाही तीच, काखेतली माया मात्र वेगळी. आपण भावसार, कापडात हात घालण्याआधी हा प्रश्न विचारणं आपल्या रक्तात असायला हवं. तू मात्र थेट इंचांवर आलीस.

तर आधी आठवडा मांड. सोमवारी सकाळच्या गाडीने तू म्हैसूरला जातेस ती शुक्रवारी रात्री परत येतेस. पाच दिवस मानसगंगोत्रीतलं विद्यापीठ, वाचनालय, सरस्वतीपुरममधली ती खोली. शनिवारी दुपारी तू झोपतेस (झोपावंच, माझी तक्रार नाही), संध्याकाळी आजीबरोबर येडतोरेला अर्केश्वराच्या देवळात किंवा नदीकाठी, आणि रविवारी सकाळी चार-पाच तास काय ते खरं काम. तुझं पडद्यासमोरचं काम आठवड्याला चाळीस तास धरलं, तर मॉनिटरच्या वाट्याला त्यातले चार-पाच येतात.

"मॉनिटर आहे ना, मग लॅपटॉप लहान घे," हा सल्ला तुला दहा जण देतील. तो खोटा नाही, पण तो माझ्यासारख्यासाठी आहे. मी सकाळी नऊला टेबलाशी बसतो तो संध्याकाळीच उठतो. माझा लॅपटॉप १३.३ इंची आहे आणि महिनोन्महिने त्याचं झाकण उघडत नाही. चार्जर, बाहेरचा कळफलक आणि माऊस लावून ठेवले, झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग केली, की तो नुसता एक चपटा डबा. त्याचा पडदा ११ चा असता तरी मला फरक पडला नसता. तुझं तसं नाही.

ही कल्पना नवी नाही, हेही सांगून ठेवतो. १९८१ साली ऑस्बोर्न वन नावाचा उचलून नेण्याचा संगणक आला. वजन सुमारे ११ किलो आणि पडदा पाच इंचांचा. एवढ्याशा खिडकीतून कोण काम करणार? म्हणून त्याला बाहेरचा मॉनिटर जोडायची सोय ठेवली होती. १९९२ मध्ये अॅपलने पॉवरबुक ड्युओ काढला, दोन किलोंच्या आत, पडदा जेमतेम नऊ इंचांचा. टेबलावर त्याची एक पेटी असे. लॅपटॉप मिटायचा आणि व्हिडिओ कॅसेट सरकवावी तसा त्या पेटीत सरकवायचा. पेटीला मोठा मॉनिटर जोडलेला. बाहेर लहान, घरी मोठं. युक्ती नामी होती. पण ती पेटी जिथे, तिथेच तिचा उपयोग. तुझी पेटी कृष्णराजनगरला आणि तू म्हैसूरला.

आता इंचांकडे येऊ. पडद्याचे इंच कर्णाने मोजतात आणि कर्ण हे फसवं माप आहे. कमर आणि उंची न घेता नुसत्या खांद्यापासून टाचेपर्यंतच्या तिरक्या रेषेवर कुणी सदरा बेतेल का? तुझ्या फोटोंतला १४ इंची सोळास दहा या प्रमाणाचा आहे आणि १५.६ इंची सोळास नऊचा. म्हणजे पहिल्याची रुंदी ३०.२ सेंटिमीटर, उंची १८.८, दुसऱ्याची रुंदी ३४.५, उंची १९.४. उंचीतला फरक बघ: सहा मिलिमीटर. तुझ्या सदऱ्याच्या बटणाएवढाही नाही. वाचताना, लिहिताना, मजकूर वर-खाली सरकवताना कामाला येते ती उंचीच. जो जादा रुंदीचा पट्टा मिळतो, तिथे बहुतेक वेळा पानाचा पांढरा समास असतो.

आणि यापेक्षाही मजेची गोष्ट पुढे आहे. तू पाठवलेल्या १४ इंचीत १,९२० आडवे आणि १,२०० उभे ठिपके आहेत. १५.६ इंचीत १,९२० आणि १,०८०. रुंदीत दोघांचे ठिपके सारखे, उंचीत लहान्याचे १२० जास्त. दोन्हीकडे अक्षराची सेटिंग सारखीच ठेवली, तर लहान पडद्यावर पानाच्या ओळी जास्त मावतात. मोठ्यावर फक्त अक्षर मोठं दिसतं. दुकानदार हे सांगणार नाही. तो दोन्ही उघडून शेजारी ठेवील, दोन्हीवर मोराचा फोटो लावील, आणि मोठ्यावरचा मोर अर्थातच मोठा दिसेल.

अक्षर मोठं दिसणं हा छोटा फायदा आहे असं मात्र समजू नकोस. तुझं काम एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी असं दोन रकान्यांत चालतं. रोमन अक्षराचं लहान आकारात भागतं, आपल्या लिप्यांचं नाही. 'सर्वांना' लिहिलं की रफार आणि अनुस्वार एकाच टोकावर दाटीवाटीने बसतात. 'वर्षात' आणि 'वर्षांत' यांतला फरक एका टिंबाचा, आणि ठिपके कमी असले की ते टिंब रफारात विरघळतं. कानडीत जोडाक्षराचा दुसरा तुकडा ओळीखाली लोंबतो, त्याला खाली श्वास घ्यायला जागा लागते. मी प्रुफं वाचताना जितके अनुस्वार हरवलेत, तितके तू अजून लिहिलेले नसशील. म्हणून इंच विचारण्याआधी ठिपके विचार. एका इंचात तुझ्या घरच्या मॉनिटरवर सुमारे ९३ ठिपके बसतात, त्या १५.६ वर १४१, १४ वर १६२. टिंब जितक्या जास्त ठिपक्यांनी काढलेलं, तितकं ते टिंब राहतं.

याची दुसरी बाजूही ऐक. एवढे दाट ठिपके असले की अक्षर मूळ आकारात मुंगीएवढं होतं. म्हणून विंडोज त्याला फुगवून दाखवतं, १२५ टक्के, १५० टक्के. त्या १४ इंचीवर १५० टक्के ठेवलेस तर अक्षर मॉनिटरवरच्यापेक्षा साधारण सातव्या हिश्शाने लहान दिसेल. लॅपटॉप आपण जवळ घेऊन बसतो, त्यामुळे डोळ्याला ते सारखंच वाटतं. पण मग कामाची जागा आक्रसते: जणू १,२८० आणि ८०० ठिपक्यांचाच पडदा. दोन रकाने शेजारी ठेवलेस तर दोघांचीही कोपरं एकमेकांना लागतात. १२५ टक्क्यांवर जागा बरी मिळते, अक्षर बारीक होतं. यातून सुटका १५.६ ने होत नाही आणि १६ ने अर्धीमुर्धीच होते. दोन रकाने मोकळे मांडायचे तर मॉनिटरच लागतो. इथेच माझा सल्ला इतरांच्या सल्ल्यापासून फुटतो, पण तो जरा थांबून सांगतो.

आधी माझी चूक सांगू दे. २००८-०९ च्या सुमारास मी पुण्यात होतो. बाबा, म्हणजे तुझे आजोबा, आजारी, दर महिन्या-दीड महिन्याला इकडे यायचं, काम बरोबर आणायचं. मला वाटलं, सगळ्यात मोठाच घ्यावा, म्हणजे टेबलही तोच आणि प्रवासही तोच. १७ इंची घेतला. सव्वातीन किलो, वर विटेएवढा चार्जर. कुठल्या कंपनीचा ते सोड. पहिला महिना मजेत गेला. मग लक्षात आलं की तो पिशवीतून काढायचाच कंटाळा येतो. गाडीत मांडीवर ठेवला की त्याचा कोपरा शेजारच्या माणसाच्या पोटात. दोन वर्षांत डावी बिजागरी तुटली. एवढा मोठा पडदा रोज एका कोपऱ्याला धरून उघडला की दुसरं काय होणार? आणि इतकं करून त्यावर ठिपके होते १,४४० गुणिले ९००. म्हणजे तू पाठवलेल्या १४ इंचीपेक्षा कमीच. मोठ्या परातीत मूठभर भात. तो अजून माळ्यावर आहे, आजी त्याला 'पाट' म्हणते.

गाडी तू रोज नाही, तरी आठवड्याला दोनदा धरतेस. चाळीसेक किलोमीटर, वेळ फारसा नाही. पण सोमवारी सकाळी हासनकडून येणाऱ्या गाडीत बसायला मिळतंच असं नाही, आणि उभ्याने खांद्यावर असतं ते वजन किलोत नाही, मिनिटांत मोजायचं. १४ इंची साधारण १.४ किलोच्या आसपास मिळतो, १५.६ आणि १६ इंची पावणेदोन ते दोनच्या घरात, खेळांसाठीचे त्याहून जड. यात चार्जर धरलेला नाही. वजन छापतात तेव्हा चार्जर कुणीच धरत नाही.

खिडकीची जागा मिळाली तर आणखी एक गोष्ट पाहा. सागरकट्ट्याजवळ गाडी कृष्णराजसागर धरणाच्या पाण्यावरून जाते. तिथे सकाळचं ऊन पाण्यावरून उसळून थेट डब्यात येतं. स्वस्त पडद्यांचा उजळपणा २५० निट्सचा असतो. त्या पुलावर तुला त्यात स्वतःचा चेहरा दिसेल, मजकूर नाही. ३०० च्या वर, जमल्यास ४०० निट्स, आणि चकाकी नसलेला पडदा घे. हे आकारापेक्षा जास्त उपयोगी पडेल. (ज्या राजाच्या नावाने ते धरण, त्याच्याच नावाने आपलं गाव, हे तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांगत जा. कृष्णराजनगर म्हटलं की त्या बेंगळूरचा एखादा भाग समजतात.)

कळफलकाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. बहुतेक १५.६ आणि बऱ्याच १६ इंचीत उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी असते. त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात आणि पडदा मधोमध राहतो. तू दिवसभर किंचित वाकडी बसणार. तुझं टायपिंग इनस्क्रिप्टवर आहे. ज्या कळेवर मराठी 'क' त्याच कळेवर कानडी 'क', हीच तर त्या मांडणीची गंमत. बोटं न बघता चालतात. त्यांना पट्टीच्या मागे ढकलू नकोस. तू आकडेमोड करणारी असतीस, अण्णांसारखी दुकानाची वही लिहिणारी असतीस, तर हीच पट्टी मी आग्रहाने घ्यायला लावली असती.

जोडणीचं लवकर आटोपतो. तुझा मॉनिटर जुना, त्याला मागे एचडीएमआय आहे. लॅपटॉपला तेच भोक असेल तर साध्या केबलने काम झालं. सी प्रकारचं भोक मात्र दिसायला एक आणि पोटात तीन असतं: काहींतून नुसती माहिती जाते, काहींतून चित्रही जातं, काहींतून चार्जिंगही होतं. शेजारी विजेची खूण किंवा डिस्प्लेपोर्टची छोटी खूण आहे का ते बघ, आणि नसेल तर "यातून मॉनिटर चालतो का?" हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घे. तोंडी नको. पुढेमागे मॉनिटर बदललास तर एकाच केबलने चित्रही जाईल आणि लॅपटॉप चार्जही होईल असा घे. त्याची घाई नाही.

१६ इंची कुणी घ्यावा? तुझा मामेभाऊ साईटवर नकाशे उघडतो, आज इथे, उद्या तिथे, मॉनिटर कुठेच नाही आणि गाडी चारचाकी. त्याला १६ च हवा. १६ ची रुंदी १५.६ एवढीच असते, उंची दोन सेंटिमीटर जास्त मिळते. तो दोन सेंटिमीटरांचा माल खरा आहे. शंका असेल तर घरीच बघ: साधा ए-फोर कागद आडवा धर. १६ इंची पडद्यात तो पुरा मावतो, कडेला थोडी माया उरते. १४ इंचीत रुंदीला बसतो आणि उंचीला दोन सेंटिमीटर बाहेर राहतो. टेबलावर कागद ठेवून पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघत बस. दुकानातल्या मोरापेक्षा तो जास्त शिकवील.

आता माझं म्हणणं. १४ इंची घे, सोळास दहा प्रमाणाचा, वर सांगितलेल्या ठिपक्यांचा आणि उजळपणाचा. १५.६ च्या वाटेला जाऊ नकोस. १६ चे जास्तीचे पैसे वाचतील ते मेमरीत घाल, ८ वर थांबू नकोस, १६ जीबी घे. तू शब्दांचे ते भले मोठे साठे उघडतेस तेव्हा तुला पडदा नाही, मेमरी अपुरी पडते. तू म्हणतेस ना, यंत्र 'विचार करत बसतं'? ते तेच.

आणि मॉनिटर घेऊन जा.

हे तुझी आई ऐकेल तेव्हा भांडेल, मला माहीत आहे. "मुलगी घरी येते, तिचं टेबल रिकामं कशाला करायचं?" पण आम्ही तो दोन वर्षांपूर्वी आणला तेव्हा तू इथून जाऊन-येऊन कॉलेज करत होतीस. तेव्हा काम इथे होतं, म्हणून पडदा इथे होता. काम हललं, पडदा राहिला. आठवड्याचे पस्तीस तास तू मान खाली घालून एका चिंचोळ्या पडद्यावर दोन रकाने कोंबतेस, आणि इथे बावन्न सेंटिमीटर रुंदीचा पडदा टॉवेल वाळवतो. तुझ्या खोलीतलं टेबल मी बघितलंय, चार फूट आहे, मॉनिटर आणि शेजारी उघडा १४ इंची दोन्ही मावतात. मॉनिटर बरोबर समोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. लॅपटॉप डावीकडे, त्यावर शब्दकोश किंवा निरोप. मधली फट समोर येऊ देऊ नकोस. दोन पडद्यांच्या मध्ये बसणारी माणसं मी पुण्यात पाहिलीत, संध्याकाळी मान धरून घरी जायची. एका पडद्यावरून दुसऱ्यावर खिडकी ओढलीस की अक्षर एकदम लहान-मोठं होईल. घाबरू नकोस, दोन्हीकडचे टक्के वेगळे आहेत एवढंच.

शनिवार-रविवारी इथे नुसत्या १४ इंचीवर भागेल. तो माळ्यावरच्या 'पाटा'वर ठेव, उंची बरोबर होते, माझा कळफलक वापर. आणि इथली वीज तुला ठाऊकच आहे: गेली की मॉनिटर काळा पडतो, लॅपटॉप चालू राहतो. एका अर्थी आपल्या गावाला लॅपटॉपचाच पडदा जास्त शोभतो.

खरेदीला एकटी जाऊ नकोस असं म्हणणार होतो, पण जा. फक्त टेप घेऊन जा. दुकानदार हसेल. हसू दे, तू उंची मोज.

शुक्रवारी येताना सॅक रिकामी आण आणि एक जुनी चादरही. मॉनिटर चार किलोंच्या आसपास आहे, स्टँड निराळा होतो. तो काढायला चौफुलीचा पेचकस लागतो, तो माझ्याकडे आहे. सोमवारी मी तुझ्याबरोबर म्हैसूरपर्यंत येतो, मला तसंही कागद आणायचा आहे. मॉनिटरचं मूळ खोकं माळ्यावर उजव्या कोपऱ्यात आहे, पण त्यात आजीने कुरडया भरून ठेवल्यात. त्या कुठे हलवायच्या ते तूच तिला विचार. मी विचारून बघितलं, उत्तर मिळालं नाही.

तुझा,
श्रीधरकाका